कंसवाला ब्राउझर आणि श्रद्धा इंगोले

कसबा पेठेत माझं जुन्या संगणकांचं दुकान आहे. मोठ्या कचेऱ्यांनी टाकून दिलेली यंत्रं मी घेतो, धूळ झटकतो, मेमरी वाढवतो, त्यांच्यावर लिनक्स घालतो आणि विकतो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "यात विंडोज का नाही?" माझं उत्तरही ठरलेलं, "हवं असेल तर शेजारी विचारा." शेजारी बुरुडाचं दुकान आहे, तिथे सुपं आणि टोपल्या मिळतात.

त्या शनिवारी आलेल्या मुलीने मात्र वेगळंच विचारलं. "काका, एकदम कोरा संगणक आहे का?"

"इथे सगळे वापरलेलेच आहेत. कोरे हवे असतील तर लक्ष्मी रस्त्याकडे जा, तिथे बसायला खुर्चीही देतात."

"तसा कोरा नाही. ज्याच्यात माझं काहीच नाही, असा."

मी चष्म्यावरून पाहिलं. "आपलं माझ्या दुकानात काय असणार बाई? आपण आज पहिल्यांदाच येताय."

"म्हणूनच तर इथे आली न मी," ती म्हणाली आणि पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीबरोबर तिचा उजवा हातही काउंटरवर आला. अंगठा होता, पुढची चार बोटं नव्हती. मी पाहिलं हे तिने पाहिलं. "चाकणला कारखान्यात प्रेस मशीनमध्ये गेली," बस चुकली हे सांगावं तितक्या सहज तिने सांगून टाकलं. "आता कामाचं बोलू?"

ही श्रद्धा इंगोले. मूळची वाशीमची, डिप्लोमा करून कारखान्यात लागलेली आणि तिथे हात असा झाल्यावर विश्रांतवाडीत खोली घेऊन एकटी राहणारी. माझ्याकडे तेव्हा काम नव्हतं, आणि बाहेर ऊनही फार होतं, म्हणून मी तिला स्टूल दिलं. एरवी मी कुणाला बसवत नाही. एकदा माणूस बसला की सल्ले द्यायला लागतो.

तिचं काम होतं विम्याचे दावे तपासून भरण्याचं. कंपनी खराडीची, काम घरून. दिवसभर नुसती वेबची पानं उघडायची, वाचायची, रकाने भरायचे, पुढचं पान. आपण ते दोन हातांनी करतो, एक कीबोर्डवर आणि एक माउसवर, आणि त्यात काही विशेष करतोय असं आपल्याला वाटतही नाही. तिच्याकडे टाइप करणारा हात एकच. तो माउसकडे गेला की टाइप करणं थांबलं, परत आला की माउस थांबला. सुरुवातीला बाकीच्यांच्या निम्मंसुद्धा काम व्हायचं नाही, आणि डावा खांदा संध्याकाळपर्यंत दगड व्हायचा.

मग तिला एक ब्राउझर सापडला. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. तो लिस्प नावाच्या फार जुन्या संगणकी भाषेत लिहिलेला आहे आणि त्या भाषेत सगळं कंसात असतं. कंसात कंस, त्याच्या आत आणखी कंस. तिने मला ते दाखवलं तेव्हा पडद्यावर कुणी तांदूळ सांडलेत असं वाटलं. मी त्याचं नाव कंसवाला ठेवलं, आणि पुढे तीही तेच म्हणायला लागली. या कंसवाल्याला माउस लागत नाही. पानावरच्या प्रत्येक दुव्यावर तो छोटी अक्षरं दाखवतो, ती दाबली की दुवा उघडतो. आणि कुठली कळ काय करेल हे आपण चालू ब्राउझरमध्येच बदलू शकतो. श्रद्धाने सगळं काम कीबोर्डच्या डाव्या भागात आणून ठेवलं होतं. त्यावर ती बाकीच्यांच्या बरोबरीने दावे भरायची, कधी पुढेही जायची.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"तो जाऊन राहिला न काका."

लिनक्सचं असं असतं की सगळे प्रोग्राम एका सामायिक कोठारात ठेवलेले असतात. तिथून घ्यायचे आणि वापरायचे. प्रत्येक प्रोग्रामची पुडी बांधून, ती नीट उघडते का हे तपासून कोठारात ठेवणारा कुणीतरी असतो. फुकट काम करणारी माणसं, जगभर पसरलेली. पुडीला ते पॅकेज म्हणतात. तर कंसवाल्याची पुडी बांधणारा गृहस्थ काम सोडून गेला होता. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत जुनी पुडी बांधली जात नव्हती. कुणी पुढे आलं नाही तर कंसवाला कोठारातून बाहेर. आणि श्रद्धाच्या कंपनीचा नियम कडक, जे कोठारात नाही ते कंपनीच्या यंत्रावर नाही. तिने तिच्या वरच्या बाईंना, शेफाली मॅडमना, विचारलं. त्या म्हणाल्या, माउसने प्रयत्न कर, कंत्राटाचं पुढे बघू.

"बघू म्हणजे काय ते मला समजते," श्रद्धा म्हणाली. "घरचे तर वाटच पाहून राहिले. ये म्हणतात घरी, बसून खा. मला बसून नाही खायचं."

म्हणून तिने कोठारवाल्यांना कळवून टाकलं की पुडी मी बांधते. आधी कधी बांधली होती का? नाही. घरी शिकली, बांधली, चालवून पाहिली, चालली. मग तपासनिसाकडे पाठवली. नवीन माणसाचं काम जुन्या माणसाने तपासायचं अशी त्यांच्यात रीत आहे. तिचा तपासनीस फिनलंडमध्ये राहणारा कुणी होता. त्याचं उत्तर तिने मला मोबाइलवर दाखवलं. ना नमस्कार ना चमत्कार. 'माझ्याकडे बांधली जात नाही. कोऱ्या यंत्रावर बघा.' माणूस फिनलंडचा असला तरी आजोळ सदाशिव पेठेत असणार अशी माझी खात्री पटली.

आता तिच्या घरी चालली आणि त्याच्याकडे का नाही? ते तिने मला सांगितलं तेव्हा मला पटकन कळलं, कारण आमच्या स्वयंपाकघरातही तेच होत असतं. तिच्या यंत्राने आधी तयार झालेले तुकडे जपून ठेवले होते. पुडी कशी बांधायची त्या नव्या कृतीत एखादा जिन्नस लिहायचा राहिला तरी तिच्याकडे पदार्थ व्हायचा, कारण तो जिन्नस डब्यात आधीचा पडलेला होता. दुसऱ्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरात तोच पदार्थ अडकणार. म्हणून तिला डबे नसलेलं घर हवं होतं.

मी तिला एका शाळेतून आलेलं यंत्र दिलं. भाडं घेणार नव्हतोच, पण तसं बोललो नाही. म्हटलं, "दुपारी एकला दुकान बंद होतं. चारला उघडतं. मध्ये कुणी मेलं तरी उघडत नाही."

"मेलेल्याला कशाला लागतो संगणक," ती म्हणाली आणि कामाला लागली. मला तिचा थोडा राग आला आणि पुष्कळसा आदर वाटला.

तेव्हापासून दर शनिवारी ती विश्रांतवाडीहून मनपापर्यंत बसने आणि पुढे चालत यायची. मागच्या कोपऱ्यातलं टेबल तिचं झालं. पुडी बांधायची, ती अडायची, कुठला जिन्नस राहिला ते शोधायचं, कृतीत लिहायचा, यंत्रातलं सगळं पुसून ते कोरं करायचं, पुन्हा पहिल्यापासून. पुसण्याचं काम माझं. एवढ्या वेळा एकच यंत्र पुसून पुन्हा लावताना मी तिला म्हटलं, "अगं, याची आता कातडी निघेल."

"निघू द्या. आत काय आहे तेच पाहायचं आहे मला."

एक जिन्नस सापडला की तो दुसऱ्यावर अवलंबून निघायचा. त्या दुसऱ्याचीही पुडी कोठारात नसायची. मग आधी ती बांधा. मी असतो तर तिसऱ्या शनिवारी कीबोर्ड भिंतीवर मारला असता. ती एका हाताने खटखट टाइप करत राहायची, आणि फारच अडलं की उजवा तळहात टेबलावर हळूहळू घासायची. तेवढंच.

आता त्या शेवटच्या शनिवारचं सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कोठाराचं दार बंद होणार होतं. त्यानंतर नव्या आवृत्तीत काही घेत नाहीत. तपासनिसाने कळवलं होतं, संध्याकाळपर्यंत पाठवा, रात्री मी प्रवासाला निघतो. श्रद्धा दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभी. बारा वाजून गेल्यावर तिच्या यंत्रावर ओळींमागून ओळी हिरव्या व्हायला लागल्या. पुडी बांधताना ब्राउझरच्या सगळ्या चाचण्या आपोआप होतात, आणि सगळ्या पास झाल्या. वर पुडीही एकदम हलकी झाली होती, आधीच्या पुडीपेक्षा कितीतरी लहान.

"पाहा न काका, किती आटोपशीर झाली. पाठवते मी."

"चालवून दाखव."

"चाचण्या पास झाल्या न."

"झाल्या असतील. पण माझ्या दुकानातून गिऱ्हाइकासमोर चालू केल्याशिवाय एकही यंत्र बाहेर जात नाही. वडिलांनी इथे रेडिओ विकले, तेव्हापासूनचा नियम आहे. लाव माझ्या दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर आणि चालू करून दाखव, मग पाठव कुठे पाठवायचं तिथे."

ती वैतागली. उठताना स्टूल जरा जोरातच मागे सरकवलं. दुसऱ्या यंत्रावर पुडी उघडली, कंसवाला चालू केला. एक ओळ आली, इंग्रजीत, की गाभ्याची फाइल मिळत नाही. बस. ती परत पहिल्या यंत्रावर आली, जिथे पुडी बांधली होती, आणि तिथे तीच पुडी उघडून चालवली. तिथे ओळ नाही, खिडकी नाही, काही नाही. काळ्या पडद्यावर नुसतं एक फुलीसारखं चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारा ठिपका.

तिचा चेहरा पांढरा पडला. नियम आपल्या जागी, पण या पोरीचं हे असं व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

एक वाजला. वरच्या मजल्यावरून आमच्या हिने, सुशीलाबाईंनी, हाक मारली, "अहो, पानं घेतली आहेत." रोज एकला शटर, जेवण आणि चारपर्यंत झोप, यात माझ्या लग्नानंतर कधी खंड पडलेला नाही. मी जिन्याशी जाऊन वर ओरडलो, "आज झाकून ठेव." मग ही स्वतः खाली आली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, कोपऱ्यात श्रद्धाला पाहिलं, वर गेली आणि दोन ताटं घेऊन परत आली.

श्रद्धाने ताटाकडे पाहिलंही नाही. ती त्या फुलीकडे बघत बसली होती. मग तिने हळूच काहीतरी टाइप केलं. कंस, अधिकचं चिन्ह, एक, दोन, कंस पूर्ण. पडद्यावर तीन असं उत्तर आलं.

"काका, हे जिवंत आहे."

"काय जिवंत आहे?"

"लिस्प जिवंत आहे. बेरीज करून राहिलं. फक्त ब्राउझर नाही त्याच्यात." ती स्टुलावर सरळ बसली. "ब्राउझर कुठे गेला मग? चाचण्या झाल्या तेव्हा तर होता."

तिने पुडी बांधायच्या आधीची फाइल शोधली आणि पुडीतली फाइल शेजारी ठेवली. आधीची भलीमोठी, पुडीतली चिमुकली. मग ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मघाशी खूश झाली होती न मी, हलकी झाली म्हणून."

झालं होतं असं. पुडी बांधणारं अवजार शेवटी प्रत्येक प्रोग्राम छाटतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या खुणा वापरणाऱ्याला नको असतात, त्या काढून टाकतं. बाकी कुठल्याही प्रोग्रामला त्याने काही होत नाही, उलट बरंच. पण या लिस्पवाल्यांचं सगळं और. त्यांच्यात पुढे एक लहानसं इंजिन असतं आणि अख्खा ब्राउझर त्याच्या शेपटीला बांधलेला असतो. अवजाराला वाटलं शेपटी म्हणजे कचरा, त्याने ती कापली. पुरणपोळीतलं पुरण काढून नुसती पारी बांधून दिली. चाचण्या झाल्या त्या छाटणीच्या आधी, म्हणून सगळ्या पास. पुडी बांधली त्या यंत्रावर लिस्पची स्वतःची शेपटी वेगळी पडलेली होती, म्हणून तिथे फुली तरी उमटली. माझ्या कोऱ्या यंत्रावर तीही नाही, म्हणून गाभा मिळत नाही अशी ओळ आली.

"आधीच्या माणसाने कसं केलं होतं?" मी विचारलं.

तिने जुनी कृती उघडली. एके ठिकाणी बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. "इथे एक ओळ होती. छाटू नका, अशी. मी कृती नव्याने लिहिली तेव्हा काढून टाकली. का छाटायचं नाही ते त्याने लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, आळशी असेल माणूस."

"असेलही. कारण लिहायचा आळस केलाच की त्याने."

तिने ती ओळ परत घातली. आणि तिच्यावर चार ओळी लिहिल्या, छाटलं तर काय होतं आणि का होतं. मी म्हटलं, घाई आहे, ते नंतर लिही. म्हणाली, "नाही काका. मी सोडून गेली तर माझ्यानंतरची पोरगी पण हीच ओळ काढेल." मी तिच्या वयाचा असताना माझ्यानंतर कुणी येईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

यंत्र मी पुन्हा पुसलं. पुडी पुन्हा बांधायला घेतली. शाळेतलं म्हातारं यंत्र, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत होता. अर्धं शटर खाली, बाहेर पेठ दुपारची पेंगुळलेली, आणि आम्ही दोघं पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे बघत गार झालेली आमटी-भाकरी खात होतो. शेवटी पुडी झाली. या वेळी चांगली जाडजूड. दुसऱ्या यंत्रावर उघडली, चालवली, आणि कंसवाल्याची खिडकी उघडली.

मी पाठवायची वाट बघत होतो. ती उठली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "आता तुम्ही चालवा. गिऱ्हाईक तुम्ही."

मी बसलो. तिने माउसची वायर उपटून काढली. "उजवा हात खिशात."

"हे काय आता?"

"माझी डाव्या हाताची मांडणी मी पुडीत वेगळी ठेवली आहे, ज्याला लागेल त्याच्यासाठी. मला तर ती पाठ आहे. ज्याला पाठ नाही त्याला जमते का ते पाहायचं आहे."

सांगायला लाज कशाला, पहिल्या पाच मिनिटांत उजवा हात तीनदा खिशातून बाहेर आला. तिने प्रत्येक वेळी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग मी वर्तमानपत्राचं पान उघडलं, बातमी वाचली, वीजमंडळाच्या पानावर तक्रार भरली, जी मी एरवीही भरणारच होतो. मान भरून आली, बोटं वाकडी झाली, पण जमलं. उठलो तेव्हा माझा डावा खांदा ठणकत होता. हे ती रोज करते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि वर माझे टोमणे ऐकायला शनिवारी इथे येते. मला तिचा अभिमान वाटला आणि मी तो तिला सांगितला. आमच्याकडे असं सांगायची पद्धत नाही, त्यामुळे दोघंही जरा अवघडलो.

"पाठव आता," मी म्हटलं.

संध्याकाळी सात-साडेसातला मोबाइल वाजला. फिनलंडच्या गृहस्थाने लिहिलं होतं, 'चालते. घेतली.' त्याच्या मानाने हे म्हणजे भाषणच. श्रद्धाने तो मोबाइल आधी हिला दाखवला, मग मला, आणि मग कोपऱ्यातल्या टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ रडली. हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी शटरला तेल घालायला बाहेर गेलो. शटरला तेलाची गरज नव्हती.

नवी आवृत्ती आली, कंपनीने ती यंत्रांवर चढवली. त्या सकाळी मी फोन समोर घेऊनच बसलो होतो. तिचा फोन आला, "आला काका. पहिला दावा भरला." एवढंच म्हणून ठेवून दिला, कामाची वेळ होती. पुढे कंत्राटही वाढलं.

मला वाटलं, चला, संपलं. माझी दुपारची झोप मला परत मिळाली. पण गेल्या शनिवारी, एक वाजायला थोडं बाकी असताना, ती पुन्हा दारात. विश्रांतवाडीहून बस आणि पुढे चालत, तशीच घामेजलेली.

"आता काय राहिलं?"

तिने मोबाइल पुढे केला. ब्राझीलमधल्या कुणा बाईंचं पत्र होतं. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेलेली. कोठारात त्यांना डाव्या हाताची मांडणी दिसली होती. उजव्या हाताची करता येईल का, असं विचारलं होतं.

"केली मी," श्रद्धा म्हणाली. "सगळ्या कळा तिकडच्या इकडे केल्या. पण तपासायची राहिली." आपल्या उजव्या हाताकडे तिने एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "ते मला नाही जमत काका."

इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून 'नाही जमत' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही दुसऱ्या कुणासाठी. वरून हिने जेवायला हाक मारली. मी जिन्याशी जाऊन सांगितलं, आज झाकून ठेव. मग माउस काढून खणात टाकला, डावा हात खिशात घातला आणि खुर्चीत बसलो.